गलगलीबाईंकडची शंका

ऑनर्सच्या विद्यार्थ्याला शंका आली की ती त्याच्या मार्गदर्शकाच्या घरी राहायला जाते आणि निरसन होईपर्यंत तिथेच राहते. मिरजेतल्या त्या कॉलेजात ही पद्धत पहिल्यापासून आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. असलीच तर ती मार्गदर्शकांच्या घरच्यांची, पण त्यांना विचारतो कोण!

कधी शंका न पाहिलेल्यांसाठी सांगायचं तर उंची बेताची, अंगावर विद्यार्थ्याच्या जुन्या कपड्यांतलेच काहीतरी आणि भुवया कायम वर चढलेल्या. ज्याची शंका त्याला ती दिसत नाही. दिसते ती शिकवणाऱ्यांना. येते हात हलवत, दोन वेळ जेवते, पेपर शेवटच्या पानापासून वाचते आणि विचारत राहते. उत्तर मिळालं की "बरं, कळलं," म्हणते आणि दारातून निघून जाते. कुठे जाते हे आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तीही एक शंका झाली असती, आणि प्राध्यापकांची घरं काही एवढी मोठी नसतात.

कुमुदिनी गलगली, म्हणजे सगळ्या कॉलेजाच्या गलगलीबाई, भूगोल शिकवायच्या आणि ब्राह्मणपुरीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. एकट्या म्हणजे माणूस म्हणून एकट्या. उमेदीच्या काळात त्यांच्याकडे एका वेळी चार-चार शंका असत. न्हाणीघरासमोर रांग, पोह्यांत दाणे कमी पडले म्हणून रुसवे, एकीला खिडकी उघडी हवी तर दुसरीला बंद. एकदा तर अर्थशास्त्राची एक शंका चुकून यांच्याकडे आली आणि परत जायचं नावच घेईना. बाई वैतागायच्या, ओरडायच्या, आणि बाजारातून येताना दोन पेंड्या मेथी जास्तीची आणायच्या.

आता ऑनर्सच्या मार्गदर्शकाचा एक शिरस्ता असतो. तो उत्तर देत नाही. उत्तरं द्यायला साधे वर्ग आहेत. मार्गदर्शक फक्त "तुला काय वाटतं?" असं विचारतो आणि गप्प बसतो. मग विद्यार्थी धडपडतो, लायब्ररीत धूळ खातो, कधीतरी त्याच्या डोक्यात उजेड पडतो आणि इकडे मार्गदर्शकाच्या घरी शंका हातातला घास खाली ठेवून उठते. बाईंनी हा शिरस्ता जन्मभर पाळला. त्यांचे विद्यार्थी नावाजले ते त्यामुळेच.

पुढे पुढे शंका येईनाशा झाल्या. मुलं हुशार झाली म्हणा, नाहीतर घाईत असतील. बाईंकडे एकच उरली. ती रेहाना मुजावर नावाच्या मुलीची. रेहानाने शेवटच्या वर्षाला विचारलं होतं, "बाई, नकाशावर गावासाठी ठिपका काढतात, तो गावात नेमका कुठे असतो?" बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" रेहानाने विचार करते म्हणून सांगितलं, पहिला वर्ग मिळवला, रत्नागिरीला नोकरी धरली, लग्न केलं, आणि झालं! मुली विसरतात. शंका बिचाऱ्या कशा विसरणार?

ती राहिली. फिकट जांभळा ड्रेस, एका खांद्यावर घसरणारी ओढणी, भुवया वर. वर्षं गेली तशी बाईंना तिची सवय झाली आणि तिला बाईंची. शेंगदाण्याची चटणी तिला तिखटच लागे. संध्याकाळी बाई कॉलेजातून आल्या की ती दार उघडून विचारी, "आज काय झालं?" आणि बाई सांगत. कोण काय बोललं, कुणी कुणाचा तास पळवला, सगळं. दर रविवारी दोघी फिरायला निघत. पोस्टासमोर शंका थांबे. "इथे असेल का ठिपका, बाई?" "तुला काय वाटतं?" "नाही वाटत." मग तंतुवाद्यांच्या गल्लीत, मग स्टेशनात, मग तळ्याच्या कडेला. गावात तिने पाय रोवून पाहिला नाही असा चौक उरला नव्हता. लोकांना आपल्या गलगलीबाई रस्त्यात उभ्या राहून स्वतःशी बोलताना दिसत. वय झालं, असं म्हणून लोक पुढे जात.

उत्तर बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधी त्यांनी ते शिरस्ता म्हणून सांगितलं नाही. नंतर का सांगितलं नाही, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. प्राध्यापकांचं असंच असतं. नोकरी कायम झाली की स्वतःला शंका येणं आपोआप बंद पडतं.

निवृत्ती जवळ आली तसं प्राचार्य हुपरीकरांनी बाईंना बोलावून घेतलं. हुपरीकर माणूस भला, पण नियमाचा पक्का.

"बाई, बाकी सगळं झालंय. लायब्ररीचं झालं, प्रयोगशाळेचं झालं. तेवढा शंका-बाकी-नाहीचा दाखला राहिलाय."

"एकच आहे सर. आणि तिचा काही त्रास नाही."

"त्रासाचा प्रश्न नाही हो. निवृत्त माणसाकडे कॉलेजची शंका ठेवता येत नाही. ती चौगुलेंच्या नावावर करू."

चौगुले म्हणजे भूगोलाचे नवे प्राध्यापक. त्यांचा हात असा चलाख की शंका उंबऱ्यात उभी असतानाच ते खिशातून फोन काढून तिला उत्तर वाचून दाखवत. आत ये, बस, पाणी घे, काही नाही. त्यांच्या घरात आजवर एकही शंका जेवलेली नव्हती.

"चौगुलेंकडे नको," बाई म्हणाल्या.

"मग स्टोअररूम आहे. तिथे बंद पडलेल्या शाखेतल्या दोन-तीन आहेतच. फुटके पृथ्वीगोल ठेवलेत त्यांच्या मागे जागा होईल." हुपरीकरांनी जरा थांबून आवाज उतरवला. "बाई, एक विचारू? एवढ्या वर्षांत निरसन कसं झालं नाही? अवघड आहे का फार?"

"नाही सर. फार सोपी आहे."

हुपरीकरांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या घरीही एक होती, राज्यशास्त्राची, बायको गेल्यापासून. त्यांनी विषय वाढवला नाही. "या महिन्याच्या आत बघा तेवढं," एवढंच म्हणाले.

बाई घरी आल्या. शंकेने दार उघडलं. "आज काय झालं?" बाई पहिल्यांदाच खोटं बोलल्या. "काही नाही," म्हणाल्या.

त्यानंतर बाईंचं जेवणात लक्ष लागेना. चौगुलेंच्या उंबऱ्यात ओढणी सावरत उभी राहिलेली ती त्यांना दिसायची. स्टोअररूमच्या अंधारात, फुटक्या पृथ्वीच्या मागे, भुवया वर करून बसलेली दिसायची. तिथे तिला संध्याकाळी कोण काय सांगणार होतं? आपल्या पोटच्या पोरीसारखं जिला सांभाळलं, तिला असं टाकायचं म्हणजे... बाईंना रडू यायचं. त्या नळ चालू करून भांडी घासत बसायच्या.

शेवटच्या रविवारी त्यांनी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, भरली वांगी केली, चटणी मुद्दाम तिखट केली. दुपारी दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. अर्धं जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "तो ठिपका गावात कुठल्या एका जागी नसतोच."

शंकेचा हात थांबला. "बाई, असं नाही करायचं. तुला काय वाटतं, असं विचारा."

"आज मी सांगणार आहे. नीट ऐक. नकाशात गावं सुईच्या टोकावर मावतील इतकी लहान होतात. त्या मानाने ठिपका केवढा थोरला! तो ठेवला की त्याच्याखाली अख्खं गाव झाकलं जातं. वर थोडी शेतंसुद्धा."

"म्हणजे पोस्ट त्याच्याखाली?"

"हो."

"आणि स्टेशन? तळं? तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला?"

"सगळे."

"आणि आपण दोघी?"

"आपण पण."

शंकेच्या भुवया हळूहळू खाली आल्या. इतक्या वर्षांत बाईंनी तिचा असा निवांत चेहरा पाहिला नव्हता. देखणी होती.

"इतकं सोपं होतं? मग आधी का नाही सांगितलंत, बाई?"

"तू गेली असतीस."

शंकेने यावर विचार केला. "हो," ती म्हणाली. "गेले असते." तिने घास खाली ठेवला, हात धुतले, ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट घेतली. दारात ती थोडी घोटाळली. "बरं, कळलं," म्हणाली आणि जिना उतरून गेली. बाई खरकट्या हाताने बसून राहिल्या. हात वाळला तरी उठल्या नाहीत.

निरोपसमारंभ थाटात झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. हुपरीकर म्हणाले की बाईंनी कॉलेजची एकही शंका मागे ठेवली नाही. टाळ्या पडल्या. चौगुलेंनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले.

मग घर. बाईंनी कपाट आवरलं, परत आवरलं. एक भाकरी करायची तर पीठ किती घ्यायचं याचा अंदाज येईना. संध्याकाळी त्या भाजी घेऊन यायच्या, कुलूप काढायच्या आणि दार ढकलल्यावरही कुणी काही विचारलं नाही म्हणून क्षणभर उंबऱ्यातच थांबायच्या. एकदा त्या स्वतःच मोठ्याने म्हणाल्या, "आज काय झालं?" आवाज इतका परका वाटला की परत म्हणाल्या नाहीत. असेच दिवस चालले होते.

एका सकाळी फोन वाजला. पलीकडे बेळगावचे कागवाडे सर होते. बाई ऑनर्सला असताना त्यांनीच बाईंना मार्गदर्शन केलं होतं. सर नव्वदीला टेकले होते, आणि दोघांचं बोलणं होऊन किती वर्षं झाली याचा हिशेब नव्हता.

"कुमुदिनी, अगं तुझी शंका आलीय माझ्याकडे," सर म्हणाले.

"माझी?"

"तुझीच की! सकाळच्या गाडीनं आली. तुझी ती हिरवी साडी नेसलीय, काठाला शाईचा डाग पडलेली. मी लगेच ओळखलं. म्हटलं, या बाईसाहेब, आता सवड झाली होय?"

"सर, मी रिटायर झाले. आता कशी येईल?"

"असं कुठं लिहिलंय? मार्गदर्शक जिवंत असला की झालं. आणि मी आहे अजून," सर म्हणाले. मग जरा दमून बोलले, "शेवटची येऊन गेली त्याला जमाना झाला, बघ. मुलगा तिकडे लांब. कामाची बाई येते ती मुकाट्यानं भांडी घासून जाते. आज मी स्वतः उप्पीट केलं. दोघांचं."

"काय विचारतेय ती?" बाईंनी हळूच विचारलं.

"एकच धोशा लावलाय. आता मी बोलायचं कुणाशी? आता मी बोलायचं कुणाशी? मी म्हटलं, तुला काय वाटतं? तर नुसती बघत बसते माझ्याकडे."

बाई फोन घेऊन खाली बसल्या. मग त्या बोलल्या. शंका गेली ते बोलल्या, भाकरीच्या पिठाचं बोलल्या, हुपरीकरांचं भाषण सांगितलं. सर हसले. त्यांनी बेळगावच्या थंडीचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, चौगुले कोण म्हणून विचारलं आणि ऐकून "कर्म!" म्हणाले. किती दिवसांनी बाई मनापासून हसल्या. फोन गरम झाला तरी दोघांना थांबावंसं वाटेना.

आणि एकदम सरांचा आवाज बदलला. "कुमुदिनी."

"काय झालं, सर?"

"अगं, तिच्या भुवया खाली यायला लागल्यात. उप्पीट तसंच ठेवून उठली बघ. दाराकडं निघालीय."

बाईंच्या लगेच लक्षात आलं. जन्मभर मार्गदर्शन केलेलं, लक्षात यायला वेळ कसला लागतो!

"सर, बोलू नका," त्या घाईने म्हणाल्या. "एक अक्षर बोलू नका. मी पण बोलत नाही."

सर गप्प झाले. बाईही गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि ताटलीत चमचा वाजल्याचा आवाज आला. सरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो बाईंना मिरजेत ऐकू आला. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. दोघंही तो कानाला लावून, काही न बोलता, दुपारपर्यंत बसून राहिले.