नानागुरुजींची पहिली बाजू

नानागुरुजी तबकडीची एकच बाजू ऐकत. ती संपली की सुई उचलायची, तबकडी पुसून पाकिटात ठेवायची आणि जेवायला बसायचं. दुसऱ्या बाजूला काय आहे, असं कुणी विचारलं तर म्हणत, "असेल काहीतरी. घाई काय आहे?"

आणि तबकडी कसली, तर विलायती. सकाळभर रामकुंडावर लोकांची श्राद्धं सांगणारा हा माणूस घरी आला, की ओलं धोतर वाळत घालून इंग्रजी गिटारींचा कल्लोळ लावायचा. मी नांदगावहून लग्न होऊन पंचवटीत आले. आमची आणि त्यांची भिंत एकच. पहिल्याच दुपारी पलीकडून असा दणदणाट आला, की मला वाटलं भांड्यांची मांडणी कोसळली. सासूबाई ताक घुसळायचं न थांबवता म्हणाल्या, "नाना गाणी ऐकतोय. होईल सवय." सवय झाली. आवडलं म्हणाल, तर खोटं कशाला बोलू, नाही आवडलं.

गुरुजींना इंग्रजीचा गंध नव्हता. त्या बँडांची नावं जिभेवर वळेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची नव्याने बारशी केली होती. एक होते 'सप्ताहवाले'. त्यांचं गाणं हळू सुरू व्हायचं आणि शेवटी गजर टिपेला जायचा. एक 'गोंधळी', कारण त्यांचा गायक देवीला जागं करायला निघाल्यासारखा ओरडायचा. आणि एक 'उपाशी'. "पाकिटावरचा फोटो बघा वहिनी, चौघांच्या बरगड्या दिसतात. ह्यांना कुणी पोटभर वाढलेलं दिसत नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर हळवा व्हायचा. त्या बँडांची मूळ नावं मला आजही सांगता येणार नाहीत.

तबकड्या गुरुजींच्या धाकट्या भावाच्या, श्रीधरच्या. सासूबाईंनी मला ती हकीकत सांगितली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घाटावर लांब केसांचे गोरे येऊन राहत. श्रीधर त्यांच्यात रमला. घरचा प्रसादाचा शिरा त्यांना खाऊ घालून त्याने तबकड्या आणि जुनं वाजवायचं यंत्र मिळवलं. गुरुजींचा संताप व्हायचा, "घरात हा काय बारमाही शिमगा?" एके दिवशी श्रीधरने त्यांना हाताला धरून बसवलं आणि एक बाजू ऐकवली. तो तबकडी उलटणार, एवढ्यात बाहेर गोऱ्यांच्या गाडीचा भोंगा वाजला. "दुसरी बाजू आल्यावर ऐकू, नाना," म्हणाला आणि चार दिवसांसाठी म्हणून गोव्याला गेला. तो परत आला नाही. पोलिसांत सांगून झालं, गोव्याला माणूस पाठवून झाला. काही कळलं नाही.

पुढे एका वर्षी सप्ताहवाल्यांचा ढोलवाला वारल्याचं गुरुजींच्या कानावर आलं. सर्वपित्री अमावास्येला कुंडात उभं राहून त्यांनी त्याला तीळपाणी दिलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, तसं म्हटलं. बाकीचे गुरुजी हसले. नानागुरुजी शांतपणे म्हणाले, "जीव तोडून वाजवायचा. मागे कुणी पाणी देणारं आहे की नाही, आपल्याला काय ठाऊक." मग तो दरवर्षीचा नेमच झाला.

बघता बघता श्रीधरला जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याची खबर नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग त्याचं श्राद्ध सुरू करायचं, अशी रीत. लोकांसाठी गुरुजींनीच असे पुतळे केले होते. त्या सर्वपित्रीला त्यांची थोरली बहीण, आक्का, नाशिकरोडहून पळसाच्या पानांचा भारा घेऊन आली. मी खिरीचं पातेलं द्यायला गेले होते, ते हातात घेऊन दारातच थांबले.

"नाना, आता पुरे," आक्का म्हणाली. "परक्या गोऱ्याला पाणी देतोस. आपला श्रीधर तिकडे तहानलेला असेल रे. आजच्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

गुरुजींनी पानांचा भारा भिंतीशी सरकवला. मग म्हणाले, "त्या ढोलवाल्याचं गोत्र मला माहीत नाही, पण तो गेला हे माहीत आहे. श्रीधरचं गोत्र माहीत आहे, आक्का. तो गेला, हे कुठं माहीत आहे?"

गुरुजींनी तबकडी लावली. एरवी कानांवर हात ठेवणारी आक्का त्या दिवशी मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत बसली. बाजू संपली, सुई खरखरू लागली, तसा तिने तबकडी उलटायला हात पुढे केला. गुरुजींनी तो धरला.

"ती नको. ती त्याच्याबरोबर ऐकायची आहे."

मला वाटलं, आता ही भांडणार. आक्काने पदराने तबकडी पुसली आणि पाकिटात घातली. मग भारा सोडला, काड्या घेतल्या आणि पुतळ्यासाठी आणलेल्या त्या पानांच्या पत्रावळी टाचायला बसली. एक झाली, दुसरी झाली. तिसरी टाचायला घेतली तेव्हा गुरुजींनी मान वर केली.

"येईल तेव्हा भुकेलाच येईल," आक्का खालमानेनं म्हणाली. "लहानपणापासूनची खोड आहे त्याची."

पातेल्यात खीर दोघांपुरतीच होती. मी ते तिथंच ठेवलं आणि घरी जाऊन आणखी घेऊन आले.