मोंडकर साहेबांचा समुद्र

सकाळी दात घासून झाले की मोंडकर साहेब करंगळी समुद्रात बुडवून चाटत. “आज जरा उतरलाय,” असं काहीतरी पुटपुटत, आणि मग खात्री करायला रसाची गोडी मोजायची काचेची काडी पाण्यात सोडत. ती काडी उसाच्या रसासाठी केलेली. पण साहेबांचं म्हणणं असं की विरघळलेलं ते विरघळलेलं, साखर असो की मीठ. काडी सव्वासहाच्या खुणेवर स्थिरावली की समुद्र बरोबर.

समुद्र म्हणजे त्यांच्या ओसरीवरची काचेची पेटी. आम्ही कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. माझे वडील चरकाकडे जाणाऱ्या गव्हाणीत ऊस टाकत, साहेब प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, म्हणून साहेब मला “अहो विद्यार्थी” म्हणत. माझ्या वडिलांनाही कुणी अहो म्हणत नसे. त्यामुळे मला फार अवघडल्यासारखं होई.

साखर घेऊन मुंबईला गेलेला ट्रक परत येताना समुद्र घेऊन येई, ॲसिडच्या मोकळ्या काचेच्या बुधल्यांत भरून. ते पाऊस नसलेलं वर्ष होतं. नळावर घागरींची रांग लागे आणि बाया म्हणत, “आपल्याला प्यायला पानी न्हाई, अन् सायबाच्या घरी समिंदर.” साहेब ऐकत आणि रांगेत आपली कळशी पुढे सरकवत.

त्या समुद्रात बोटाएवढा एकच मासा होता. साहेबांनी तो मालवणच्या खडकातल्या डबक्यातून धरून दुधाच्या किटलीत एस.टी.ने आणला होता. त्याला ते ‘पाहुणे’ म्हणत. “पाहुण्यांनी आज जेवण टाकलं,” असं त्यांनी सांगितलं की कारखान्यातले नवे लोक घरी कोण आलंय ते विचारत.

पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप सारखा बिघडे. साहेबांचं ठरलेलं वाक्य होतं, “आधी नमुना, मग निदान.” ते पंप उघडून कानाला लावत, नळी फुंकत, वहीत टिपत. एकदा आतला रबरी पडदा फाटला. साहेब शिर्डीला गेले, बाबांचं दर्शन घेतलं आणि लहान मुलांचे फुगे घेऊन आले. लाल फुग्याचा गोल तुकडा कापून बसवला, आणि पंप पूर्वीपेक्षा बरा चालू लागला. दुपारी वीज जाई तेव्हासाठी ट्रकची एक ट्यूब हवा भरून ठेवलेली असे. तिला चिमटा लावलेली नळी. वीज गेली की साहेब सायकलवरून घाम गाळत घरी येत, चिमटा सैल करत आणि परत कामावर जात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे माझ्या आईने एकदा सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. त्यांची बायको मालवणची. लग्नानंतर इथे पंधरा दिवस राहिली. ‘या गावात मासासुद्धा जगायचा नाही, मी कशी राहू?’ असं म्हणून माहेरी निघून गेली. साहेबांनी हे वाक्य परीक्षेतल्या प्रश्नासारखं घेतलं. हंगाम संपेपर्यंत मासा जगवून दाखवतो, असं तिला कळवून टाकलं. दर सोमवारी ते तिला पत्र टाकत. त्यात काय असे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

हंगाम संपायला तीन आठवडे राहिले असतील. एका सोमवारी दुपारी लिटमस कागद आंबटाकडे झुकला. कारखान्यात रस आंबट झाला की चुना घालतात. साहेबांच्या हातांना तीच सवय. चमचाभर चुन्याची निवळी घालायची, तिथे त्यांनी पेलाभर दाट चुना ओतला. समुद्राचं ताक झालं. पाहुणे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले.

“गंधक,” साहेब म्हणाले. “विद्यार्थी, पळा. गंधकाचा धूर सोडला की चुना उतरतो.”

आई दारातच उभी होती. “अवो सायेब, त्यो मासा हाय, उसाचा रस न्हाई.”

साहेबांनी हातातला पेला खाली ठेवला. माझी काही सांगायची छाती नव्हती. पण शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकायचा प्रयोग आम्ही केला होता. आधी पांढरी होते, फुंकत राहिलं की निवळते. मी घाबरतच म्हणालो, “फुंकून पाहिलं तर?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पंपाची नळी काढून तोंडात धरली. तासभर आम्ही आळीपाळीने फुंकलं. माझे कान बधिर झाले. ताक निवळून पातळ झालं, आणि मासा एकदा खाली जाऊन आला.

टपाल पाचला जाई. साहेबांचा दम संपला होता, म्हणून आईने नळी घेतली. साहेबांनी मला पत्र लिहायला बसवलं. “लिहा. काडी सव्वासहा. चुना माझ्या हातून जास्त पडला. गावाच्या पाण्याचा दोष नाही. मासा आहे, उद्याचं सांगता येत नाही.”

मी म्हणालो, “उद्याचं कशाला लिहायचं?”

“खरं ते लिहायचं.”

आईने नळी तोंडातून काढली. “पुढं?”

“पुढे काही नाही. एवढंच असतं.”

“पाच म्हैने नुसता मासाच लिवताय? तिला ये म्हनलाय का कधी?”

साहेबांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, पेनाचं टोपण दोनदा लावलं, काढलं. आईने पुन्हा फुंकायला सुरुवात केली होती. साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं, “विद्यार्थी, नुसतं ‘ये’ लिहिलं तर हुकूम केल्यासारखं वाटेल का?”

मला खरंच माहीत नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिच्या तोंडात नळी होती. गाल फुगवलेलेच ठेवून तिने नुसती मान हलवली, नाही वाटणार म्हणून.