दाजींची उरलेली ओळ

"अकराशे ओळी होत्या माझ्या! कुठं घातल्यास?"

"दाजी, त्या लागतच नव्हत्या."

"लागत नव्हत्या? मग चार वर्षं मी काय गवत उपटत होतो?"

एवढं बोलून दाजींनी टेबलावर हात आपटला. कप उडाला आणि चहा बरोबर त्यांच्याच पँटवर. मेहुण्यानं पटकन रुमाल पुढे केला. हेच दाजींना सहन होत नव्हतं! भांडताना माणसानं भांडावं, रुमाल काय देतो?

"सगळ्या नाही काढल्या," मेहुणा म्हणाला. "एक ठेवलीय. शेवटची. मस्त लिहिलीय तुम्ही ती, माझ्याच्यानं झाली नसती."

पण दाजी तोवर त्याच्याच रुमालानं पँट पुसत बाहेर पडले होते. कुठली ओळ, हे ऐकायला ते थांबलेच नाहीत.

दाजी म्हणजे ऑफिसातले सर्व्हर सांभाळणारे. तळमजल्यावर एक थंडगार खोली, तिथं कपाटाएवढ्या मशिनी दिवसभर घूं घूं करत उभ्या, आणि त्या सगळ्यांवर दाजींचा हुकूम. परवापरवापर्यंत अख्खं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. मशिनीत लॉग इन करायचं त्यांचं नावसुद्धा 'मास्तर'च. मग बायकोचा धाकटा भाऊ इथंच कामाला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं जिन्यातून 'दाजी!' अशी खणखणीत हाक मारली आणि झालं कल्याण. दुसऱ्या दिवसापासून शिपाई दाजी म्हणतो, टायपिस्ट दाजी म्हणते, साहेब पण दाजी म्हणतात. रोज सकाळी बॅग घेऊन सासुरवाडीलाच निघाल्यासारखं वाटायला लागलं.

आता हे ओळींचं भांडण. इतक्या मशिनी, प्रत्येकीपुढे बसून तेच तेच कोण करणार? म्हणून सगळं एका फाइलीत लिहून ठेवतात. प्रत्येक मशिनवर काय असलं पाहिजे, काय नसलं पाहिजे. तिला म्हणायचं प्लेबुक. एंटर मारला की ते एकेका मशिनकडे जाऊन तपासतं, शाळेत बाई रांगेतून नखं बघत फिरतात तसं. नखं बरोबर असली तर पुढे. वाढलेली असली तर तिथंच कापायची आणि पुढे.

दाजींचं प्लेबुक मात्र कधी रांगेच्या टोकाला पोचलंच नाही. कुठं अडलं की दाजी त्यात 'जर असं झालं तर तसं कर' असा एक 'जर' घालायचे. तो अडला की त्याच्या पोटात दुसरा 'जर'. शेवटी त्याची अशी गोधडी झाली, की चालवायला दाजीच लागायचे. मधेच बंद पडलं की सगळे धावत यायचे, 'मास्तर, मास्तर, बघा ना!' आणि दाजी बाह्या सरसावत उठायचे. खरं सांगायचं तर ते बंद पडलेलंच त्यांना आवडायचं.

मग दाजी दाढ काढायला सुट्टीवर गेले आणि त्याच दिवशी ते अडकलं. मेहुण्यानं ते एक एक तुकडा करून चालवून बघितलं. निघालं काय, तर प्लेबुक एका मशिनच्या उत्तराची वाट बघत बसलं होतं, आणि ती मशिन केव्हाच भंगारात गेली होती! मेहुण्यानं तो तुकडा काढला. मग त्याच्या शेजारचा काढला. दाजी सुजलेला गाल घेऊन परत आले तर अकराशेच्या चाळीस झालेल्या.

साहेबांनी जाहीर केलं, शुक्रवारी सगळ्यांसमोर नवीन प्लेबुक चालवू. नीट चाललं तर जुनं पुसायचं आणि मशिनींचा कारभार मेहुण्याकडे. घरी तर आधीच निकाल लागला होता. याच ऑफिसात अकाउंट्स सांभाळणारी ताई, म्हणजे दाजींची बायको, जेवताना म्हणाली, "तो समजावतो ते मला कळतं तरी. तुम्ही सांगता तेव्हा नुसती झोप येते." दाजींच्या घशात घास अडकला. पाणी दिलं कुणी? मेहुण्यानं.

त्याच वेळी दाजींनी ठरवलं, शुक्रवारी याला सगळ्यांसमोर तोंडावर पाडायचा.

शुक्रवारी सगळे डबे उघडून बसले तसे दाजी सात नंबरच्या मशिनमध्ये शिरले. दोन सेटिंग उलटीपालटी केली, एक चालू काम बंद केलं आणि शहाण्यासारखे मीटिंगच्या खोलीत जाऊन बसले. साहेबांच्या मीटिंगचा नियम असा, की फोन आवाज बंद करून दाराजवळच्या टेबलावरच्या टोपलीत टाकायचे. सगळ्यांनी टाकले. मेहुण्यानं एंटर मारला. भिंतीवर हिरव्या ओळी सरसर वर चालल्या. सात नंबर आला, एक पिवळी ओळ उमटली, पुढे परत हिरवंगार.

"पिवळं काय ते?" साहेबांनी विचारलं.

"काहीतरी बिघडलं होतं साहेब. प्लेबुकनं सरळ केलं."

खोलीत 'वा वा' झालं. टोपली थोडी थरथरली, पण तिकडे कुणी बघितलं नाही.

दाजींचा चेहरा भेंडीसारखा लांब झाला. त्यांचं स्वतःचं प्लेबुक कधी शेवटपर्यंत चाललंच नव्हतं, त्यामुळे ते चाललं की नक्की काय होतं, हेच ते विसरून गेले होते! बिघडलेलं सरळ करणं हेच तर त्याचं काम.

पण मत्सराला डोकं कुठं असतं? एकदा चाललं म्हणजे नशीब, परत चालवून दाखवा, असं दाजी म्हणाले आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर गुपचूप तीन मशिनी बिघडवल्या. तीन पिवळ्या ओळी, तिन्ही सरळ. टोपली जोरात थरथरली. तिसऱ्यांदा दाजींनी हाताला लागेल ती मशिन बिघडवली. बोटं अशी चालली होती, की शेजारच्या टायपिस्टला वाटलं दाजी मीटिंगची टिपणं काढतायत. भिंतीवर मोहरी फुलल्यासारखं पिवळंधमक झालं, आणि साहेबांनी तर टाळ्या वाजवल्या. टोपली सरकत सरकत टेबलाच्या कडेला आली आणि खाली पडली.

सगळ्यांनी आपापले फोन उचलले. प्रत्येकाच्या फोनवर तीच मेल, एकाखाली एक. 'मशिनमध्ये हातानं बदल केला आहे. करणारा: मास्तर.'

खूप दिवसांनी सगळ्यांच्या तोंडी परत तेच नाव आलं. शिपाई पुटपुटला, मास्तर. टायपिस्ट म्हणाली, मास्तर?

दाजींना सगळं लख्ख आठवलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मशिनीला कुणीतरी हात लावला होता. त्या रागात, हात लावणाऱ्याची अख्ख्या ऑफिसात अब्रू काढायला, त्यांनीच ती सगळ्यांना मेल धाडणारी ओळ प्लेबुकच्या अगदी तळाला लिहिली होती. प्लेबुक तळाला कधी पोचलं नाही. म्हणून ती कधी चाललीच नाही. आजपर्यंत!

ताईनं फोनवरून मान वर केली. "अहो," एवढंच म्हणाली.

साहेबांनी घसा साफ केला. आता नोकरीच जाणार, असं दाजींना वाटलं. एवढ्यात मेहुणा उठला.

"साहेब, हे आमचं ठरलं होतं. दाजी मुद्दाम बिघडवणार आणि प्लेबुक पकडतं का ते बघायचं. पकडणारी ओळ पण दाजींचीच आहे."

साहेब खूश! म्हणाले, "मास्तर, मग हे काम तुमच्याकडेच. दर शुक्रवारी तुम्ही बिघडवायचं, यानं सरळ करायचं."

शिव्या खाल्ल्या असत्या तर परवडलं असतं. दाजींनी बॅग उचलली. दारात मेहुण्यानं गाठलं. चहाचा डाग पडलेला तो रुमाल अजून दाजींच्याच खिशातून डोकावत होता.

"दाजी, ताईनं जेवायला बोलावलंय. तुमच्याबरोबरच येऊ का?"

"मला आता निघायला पाहिजे," दाजी म्हणाले, आणि निघालेच.