अकरावा काटा

बटणांच्या जुन्या डब्यातले काटे मास्तरांनी तिसऱ्यांदा मोजले. दहाच भरले. अकरावा गायब होता आणि बायको ऑफिसातून यायला जेमतेम तीन तास उरले होते.

मास्तर धंद्याने शिंपी, पण जीव सगळा हॉलमधल्या टाकीत, दोन पाकट माशांत अडकलेला. ताटासारखे चपटे मासे दिवसभर वाळूत लोळत असत. सहा-आठ महिन्यांनी त्यांच्या शेपटीवरचा दातेरी काटा गळायचा, नवा यायचा. गळलेला काटा मास्तर चिमट्याने उचलत, उकळून त्याचं विष मारत, उन्हात वाळवत आणि तारखेची चिठ्ठी लावून कापसावर निजवत. गिऱ्हाइकाचं कापडही त्यांनी कधी इतक्या मायेने हाताळलं नव्हतं. बायकोने मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक जरी काटा डब्याबाहेर दिसला, तर मासे घराबाहेर!" आणि ती बोलेल ते करणारी होती.

मास्तरांनी सोफा सरकवला, सतरंजी झटकली, शेवटी शिलाई मशीनखाली लोटांगण घातलं. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून सासरे बघत बसले होते.

"जावईबापू, काय हरवलं?"

"काही नाही बाबा, सुई."

सासरे दचकले. "सुईचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"काही नाही. मला वाटलं, काटा शोधताय."

मास्तरांचं डोकं मशीनवर आपटलं. "काट्याचं तुम्हाला काय माहीत?"

सासऱ्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग प्लॅस्टरकडे. "आत खाज सुटते हो. जीव नकोसा होतो. आणि त्याला दाते किती सुरेख! स्वर्गच. पण सटकला हातातून."

"आत?"

"आत. हललो की टोचतो."

काटा बाहेर पाडायला पाय काही उलटा धरून हलवता येईना. टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक मास्तरांनी उगाच प्लॅस्टरवरून फिरवला, तर तो चक्क चिकटला. मास्तर चक्रावले. काटा काही लोखंडाचा नव्हता. त्यांनी कापडाची मोठी कात्री उचलली.

"खबरदार! पाय आहे माझा, पायजमा नाही," सासरे ओरडले.

शेवटी दोघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. प्लॅस्टर तसंही तीन दिवसांनी काढायचंच होतं. डॉक्टरांनी ते उघडलं आणि टेबलावर आधी काटा पडला, मागोमाग स्टीलची एक क्रोशाची सुई.

"अजून काही असेल, तर आत्ताच सांगा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी सुई लगेच ओळखली. हीच सुई हरवली म्हणून बायको आठवडाभर घर डोक्यावर घेऊन होती. "बाबा, ही इथे कशी?"

"तिनेच खाजवून दिलं होतं. सुई आत गेली. ती शोधाशोध नुसती तुम्हाला दाखवायला," सासरे पुटपुटले. "मग काल म्हणाली, यांच्या डब्यातला एक काटा घ्या, यांना कळणार नाही. मला शपथ घातलीय हो."

संध्याकाळी बायको दारातच थबकली. "अगंबाई, प्लॅस्टर आजच काढलं?"

मास्तरांनी क्रोशाची सुई टेबलावर ठेवली. तिने सुईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील पेपर वाचत होते, उलटा.

"आणि... काटा?" तिने हळूच विचारलं.

"डब्यात."

ती पदर खोचून टाकीपाशी गेली आणि वाकून माशांकडे बघू लागली.

"किती सुकलेत हो दोघं!" ती म्हणाली. "तुम्ही नीट खायला घालत नाही वाटतं."