हेंद्रिक वलंदेजाच्या चाकांच्या घराची आणि दौलतीच्या लाजेची हकीकत

श्रीहरीच्या चरणांस आणि कीर्तनास बसणाऱ्या भाविकांच्या कानांस आधी दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एके दौलतीत वर्तमान जाहले, ते जैसे जाहले तैसे लिहितो. मिरवण्याजोगे काही नाही, तरी झाकून ठेवणे त्याहून वाईट, म्हणोन लिहितो.

ते दौलतीत रंगोबुवा हरिदास थोर कीर्तनकार. गळा असा गोड की पूर्वरंगातच बायाबापड्यांनी डोळ्यांस पदर लावावा. परंतु अर्धांगाने पाय गेले आणि बुवा चाकाच्या खुर्चीस खिळले, मग गावोगावचे बोलावणे बंद पडले, एक राजवाड्याचे सभामंडपी एकादशीचे कीर्तन तेवढे उरले. बुवा कोणापाशी बोलत नसत, परंतु गावांची नावे घेऊन खिडकीशी बसत. हे दौलतीचे धनी श्रीमंत यांच्या मनास लागले आणि त्यांनी आज्ञा केली की, खुर्चीसुद्धा बुवांस उचलून आत घेईल, आत निजणे-जेवण होईल, अशी थोरली गाडी कोठेही असो, आणावी. मग सुलक्षणाबाई दुभाषी यांनी संगणकावर शोध केला आणि वलंदेजांचे मुलखी, ज्यास हॉलंड म्हणतात, तेथे गाडी आढळली. विकणारा व्यापारी नव्हे, हेंद्रिक नावाचा म्हातारा सुतार. सासूकरिता गाडीस खुर्ची उचलण्याचे यंत्र बसविले होते, सासू वारल्या आणि गाडी दारात उभी राहिली. पडद्यावर बोलणे जाहले. हेंद्रिकाने बुवांस पाहून नमस्कार केला, तो दोन्ही कोपरे पंखांसारखी फाकवून, आणि बुवांस हसू आले. सौदा ठरला: पैसे पोहोचताच गाडी जहाजावर चढेल. श्रीमंतांनी हौसेने, कीर्तन घरबसल्या पडद्यावर दिसावे असा संगणकाचा दुवाही पाठविला की, गाडी कोणासाठी जाते ते पहावे. तेव्हापासून दर एकादशीस हेंद्रिक आणि त्याची बायको घरी बसून कीर्तन पाहत, अक्षर न कळता पाहत.

मग पैसे धाडण्याचे काम यादोपंत कारभारी यांजकडे आले. पेढीचा कागद भरताना सुलक्षणाबाई म्हणाल्या, "पंत, नाव जसे त्याने कळविले तसेच लिहा." पंत म्हणाले, "नुसते हेंद्रिक? बाई, आपल्याकडे घोड्याच्या मोतद्दारासही कोणी असे लिहीत नाही. दौलतीची अब्रू आहे." आणि त्यांनी लिहिले, राजमान्य राजश्री हेंद्रिकरावसाहेब, आणि आडनावाचे ठायी वलंदेजकर. पैसे गेले. पंधरवडा लोटला. हेंद्रिक कळवी, पोहोचले नाहीत. पुन्हा विचारावे, पुन्हा तेच. पंत श्रीमंतांस म्हणाले, "खाल्ले. परका मनुष्य, ना दुकान ना पाटी, नमस्कार मात्र लांबरुंद." मग एकादशीस कीर्तनापूर्वी पंतांनी हेच बुवांचे कानी घातले, आणि बुवांनी शहानिशा केली नाही. त्यांचा जीव गाडीत गुंतला होता. पूर्वरंग यथासांग जाहला आणि उत्तररंगी लोभाचे आख्यान लागले, तों बुवा म्हणाले, "लोभी पाहण्यास पुराण कशाला उघडता? आमचा हेंद्रिक आहे की. विचारावे, पैसे आले का, तर म्हणतो, नाही. अहो हेंद्रिकराव, पैसे वाटेत जेवायला थांबले की काय?" आणि बुवांनी कोपरे फाकवून तसाच नमस्कार करून दाखविला. मंडप हसला. पेटीवाले हसले, श्रीमंत हसले, पुन्हा एकदा करा म्हणाले, आणि बुवांनी पुन्हा केला.

दुसरे दिवशी सकाळी पेढीचा निरोप आला की, या नावाचा मनुष्य पलीकडील पेढीस ठाऊक नाही, सबब रक्कम अडकून आहे. पंत पगडी काढून बसले. त्याच प्रहरी हेंद्रिकाचे पत्र आले. सुलक्षणाबाई दरबारी वाचू लागल्या: "पैसे अजून आले नाहीत. परंतु काल बुवांनी देवासमोर माझे नाव घेतले, माझ्यासारखा नमस्कार केला, आणि सर्व मंडळी इतकी आनंदली की आम्ही दोघेही हसलो. आजवर इतक्या लोकांपुढे माझे नाव कोणी कधी घेतले नव्हते. अशा माणसांकडून आधी पैसे कसले मागायचे? आज पहाटे गाडी जहाजावर चढविली." श्रीमंतांनी मान खाली घातली.

पंत म्हणाले, "पैसे नाव सुधारून आत्ता पाठवितो. बाकीचे कळवूच नये. म्हातारा सुखात आहे, ते का मोडावे?" बुवा म्हणाले, "पंत, तो सुखात आहे तो माझ्या तोंडच्या लबाडीवर. या तोंडाने मग हरीचे नाव कसे घेऊ?" "अहो, पण दुखवाल त्याला." "दुखविले ते कालच. त्याला कळायचे तेवढे राहिले आहे."

मग पैसे पावले, आणि पुढील एकादशीस त्याच मंडपी, त्याच लोकांपुढे बुवांनी थोरला पडदा लावविला. त्यावर हेंद्रिक आणि बायको ठेवणीतले कपडे घालून बसले होते. बुवा घडले ते एकेक वाक्याने कबूल करीत आणि सुलक्षणाबाई ते त्याचे भाषेत सांगत, मध्ये थांबत, पाणी पीत, पुन्हा सांगत. हेंद्रिकाने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारिले, "ते हसणे माझ्यावर होते?" बुवा म्हणाले, "होय." बायको उठून आत गेली. मग हेंद्रिक म्हणाला, "पैसे पावले. गाडी समुद्रात आहे. जमिनीवर असती तर पाठविली असती की नाही, मला सांगता येत नाही." आणि पडदा काळा जाहला. बुवांनी चिपळ्या खाली ठेविल्या. त्या दिवशी कीर्तन जाहले नाही, आणि लोक एकमेकांकडे न पाहता घरी गेले.

फाल्गुनात गाडी आली. यंत्राने बुवांस खुर्चीसुद्धा अलगद आत घेतले. आत खिडकीशी बिछाना, आणि बिछान्याजवळ, बसल्या जागी हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, नव्या लाकडाची खाच केलेली. काय आहे ते कोणास उमगेना, मग बुवांनी आपली कीर्तनातली वीणा उचलून जवळ धरिली तेव्हा समजले. पडद्यावर पाहून अदमासे माप घेतलेली, भोपळ्यास जरा सैल, म्हणोन आत लोकरीचा तुकडा हाताने शिवून बसविलेला. जहाजावर चढविण्याआधीचे काम ते.

तात्पर्य इतुकेच. दौलतीस गाडी मिळाली, गावोगावी कीर्तन पुन्हा सुरू जाहले, आणि दर एकादशीस दुवा हॉलंडास जातो, परंतु तिकडून कोणी उघडीत नाही. गाडी हालली की बुवा वीणा मांडीवर घेतात. वाट खडबडीत असली, हात अवघडला, तरी त्या खाचेत ती अद्याप ठेविली नाही.