आदी उपस्थित होते

एका मुक्त ऑनलाइन ज्ञानकोशात आचल डोंगरवार या विद्यार्थिनीवर अकरा ओळींचा लेख तयार झाला आणि तिसऱ्या दिवशी त्यावर लाल पट्टी लागली : ‘ही व्यक्ती उल्लेखनीय आहे काय? सात दिवसांत पुरावा द्यावा, अन्यथा लेख काढून टाकण्यात येईल.’

लेख गोंदियाजवळच्या फुलचूरच्या हिमांशु पटलेने लिहिला होता. हिमांशु रसायनशास्त्राचा पदवीधर. मोजल्याशिवाय तो थेंबावरही विश्वास ठेवायचा नाही. लेखातला एकेक आकडा त्याने तपासला होता. कॉलेजचे प्रॅक्टिकल पाचला सुटायचे. बिरसीकडची बस साडेचारला निघायची आणि पुढची पावणेआठला. त्रेचाळीस मुली प्रॅक्टिकल अर्धवट टाकून स्टँडकडे पळायच्या आणि त्यातच नापास व्हायच्या. आचलने त्यांना पांढऱ्या एप्रनसकट आगाराच्या फाटकासमोर अकरा दिवस बसवले. बाराव्या दिवशी पाच वीसची बस सुरू झाली. हिमांशुने फलाटावर उभे राहून घड्याळ लावले होते. बस पाच बावीसला सुटली.

पंधरवड्यात चौकात फ्लेक्स झळकला : ‘बस आणणारे युवा नेते शुभमभाऊ’. म्हणून हिमांशुने लेख लिहायला घेतला. बस कोणी आणली हे कुठेतरी खरे लिहिलेले राहावे, एवढाच त्याचा हट्ट होता.

निर्णय ‘ज्ञानप्रहरी’ या टोपणनावाच्या ज्येष्ठ संपादकांकडे होता. त्यांनी गोंदिया कधी पाहिले नव्हते. ही त्यांची तटस्थता मानली जाई. हिमांशुने पुरावा म्हणून बसचा फोटो चढवला. ज्ञानप्रहरींनी लिहिले, ‘बस हा स्रोत नव्हे. बस कोणाविषयी काही प्रकाशित करत नाही. स्वतंत्र व विश्वासार्ह छापील बातमी द्यावी.’

हिमांशुने बातमी शोधून काढली. ती अशी संपत होती : ‘निवेदन देताना शुभमभाऊ...’ आणि पुढे चौदा नावे, ‘...आदी उपस्थित होते.’ चौदांपैकी एक जण त्या दिवशी नागपुरात साखरपुड्याला होता. आचल ‘आदी’मध्ये होती.

‘आदीमध्ये नेमकी हीच व्यक्ती होती, याचा संदर्भ द्यावा,’ असा शेरा आला.

तो आचलला स्टँडवर गाठायला गेला. ती बाकावर बसून जर्नल पूर्ण करत होती.

“बातमीत तुझं नाव काऊन नाही?”

“प्रेसनोट मीच लिवली ना जी. लिवणाऱ्यानं आपलंच नाव टाकावं का? बरं दिसते का ते?”

“आणि शुभमचं पहिलं कसं?”

“लेटरपॅड त्याचा होता. पहिलं नाव त्याचं टाकशील तरच देतो म्हणे. मी म्हणलं, टाक बाप्पा, बसशी मतलब.”

“तो तर आता फ्लेक्स लावून मिरवून राहिला!”

“मिरवू दे. मले त्या कोशात कायले जायचं हाय?” तिने जर्नल मिटले. “एक गोष्ट हाय पण. उद्या बस बंद केली त पोरी कोणाले इचारतील? फ्लेक्सवरच्या नंबरवर फोन करतील. अन् तो फोन उचलत नाही.”

हिमांशु तिथून थेट वार्ताहर टिकारामभाऊंकडे गेला. ते पान खात सौजन्याने म्हणाले, “नाव छापतो ना यार, उसमें क्या है! पण बाई आहे कोण? मी सर्च मारला, कुठंच नाही. तुमच्या कोशात आली की उद्याच छापतो, फोटोसकट.”

“कोशात यायला तुमची बातमी लागते, भाऊ.”

“तो फिर पहले आप.”

दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रिया हिमांशुने प्रयोगशाळेत पाहिल्या होत्या. पण त्यांत निदान काहीतरी तयार व्हायचे.

मुदतीच्या सहाव्या दिवशी ज्ञानप्रहरींनी सहानुभूतीने मार्ग सुचवला : ‘संबंधित व्यक्तीस अटक झाली असल्यास फेरविचार करता येईल. अटकेच्या बातमीत पूर्ण नाव, वय व गाव येते, असा अनुभव आहे.’ हिमांशुने हे फोनवर जसेच्या तसे वाचून दाखवले.

“सोमवारपासून परीक्षा हाय जी,” आचल म्हणाली. “अटक व्हायले टाइम कुठं हाय? उन्हाळ्यात चालन का, इचारून पाय.”

त्याने खरोखर विचारले. मुदतवाढीची तरतूद नसल्याचे कळवण्यात आले.

सातव्या दिवशी निर्णय लागला. ‘लेखातील माहिती अचूक, तपशीलवार व उपयुक्त आहे. केवळ व्यक्ती उल्लेखनीय नाही. सबब लेख काढून टाकावा व माहिती वाया न घालवता उल्लेखनीय व्यक्तीच्या लेखात विलीन करावी.’

उल्लेखनीय व्यक्ती सापडायला वेळ लागला नाही. शुभमभाऊंच्या लेखाला एकतीस संदर्भ होते, सगळे एकाच बातमी-पोर्टलचे. पोर्टलचा आणि शुभमभाऊंचा मोबाइल नंबर एकच होता. तासाभरात त्रेचाळीस मुली, अकरा दिवस आणि पाच वीसची बस तिथे हलवण्यात आली. ज्याने वाणिज्य शाखाही अर्ध्यात सोडली होती, तो आता लेखात पांढरा एप्रन घालून फाटकासमोर बसला होता. हिमांशुला ‘अचूकता पदक’ जाहीर झाले. त्याने आक्षेप घेतला, तेव्हा आक्षेपासाठी छापील स्रोत मागण्यात आला.

चर्चेच्या पानाखाली ज्ञानकोशाने नियमाप्रमाणे आकडेवारी दिली. चर्चा सात दिवस सर्वांना खुली होती. मत द्यायला नाव नोंदवण्याचीही गरज नव्हती. पान नऊशे चौदा जणांनी उघडले. मत दोघांनी दिले : हिमांशुने आणि ज्ञानप्रहरींनी. बरोबरी झाल्यास निर्णय ज्ञानप्रहरींचा, असा नियम आहे. उरलेल्या नऊशे बारा जणांनी पान शेवटपर्यंत वाचले. सरासरी वेळ चार मिनिटे, म्हणजे तुम्हाला इथवर यायला लागला साधारण तेवढाच. पोरीवर अन्याय झाला, असे प्रत्येकाला मनापासून वाटले असणार. मग प्रत्येकाने पान बंद केले, आता तुम्ही कराल तसेच.