आत्याच्या पायाकडे बघायचं नाही!

"न कळणं हेच माझं काम आहे, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नाही!" धाकटे डॉक्टर छाती फुगवून सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटे, यात कसली फुशारकी? न कळणारे डॉक्टर तर पैशाला पासरी!

पण गोष्ट खरी होती. अपघात विभागात मोठ्या डॉक्टर मॅडमचं संशोधन चाललं होतं. पाय मुरगळलेला माणूस आला की एक बंद पाकीट फोडायचं. आत निघेल ते त्याच्या नशिबी. कुणाला जुनं क्रेप बँडेज, कुणाला नवा प्लॅस्टिकचा पट्टा. आठवड्यानं तो परत आला की नर्स ते काढून दोन्ही पायांत पातळ मोजे चढवणार, आणि मग धाकटे डॉक्टर टेपनं सूज मोजणार. कुणाला काय बांधलं होतं, हे त्यांना कळता कामा नये. कळलं की मनात आवडनिवड आली, आणि आवडत्या बाजूला टेप सैल पडला! म्हणून पेशंटनं तोंड उघडायच्या आत डॉक्टरच "शूऽऽ!" करत.

संशोधन पुरं व्हायला आता एकच पेशंट हवा होता. नेमके तेव्हाच लोकांचे पाय फार मजबूत झाले. मॅडम खिडकीतून ओल्या पायऱ्यांकडे आशेनं बघत बसत.

डॉक्टर एक दिवस रजेवर होते. गाडी दुरुस्तीला टाकून बसले होते, तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, आत्या पडदे काढताना स्टुलावरून पडल्या. हाड शाबूत आहे, नुसता मुरगळलाय. तुमच्याच विभागात आणलं. त्यांनी हो म्हणून सही दिली, आणि मॅडमनी त्यांना संशोधनात घेतलंसुद्धा! आता पायाला—"

"थांब! पुढं एक अक्षर बोलू नकोस!" डॉक्टर एवढ्यानं ओरडले की मेकॅनिकच्या हातून पाना पडला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. डॉक्टरांना तिनंच लहानाचं मोठं केलेलं, आणि राहायला त्याच घरात!

"सूज मोजणारा दुसरा कोणी नाही," मॅडमनी बजावलं. "तुला तो पाय दिसला, तर हा पेशंट बाद. मग पुन्हा बसू पायऱ्यांकडे बघत."

"मॅडम, मी घरात आंधळ्यासारखा वावरेन!"

आणि वावरले! हनुवटीखाली मोठा ट्रे आडवा धरून चालायचे, म्हणजे जमीनच दिसत नसे. बादली, स्टूल, दाराचा उंबरा, सगळ्यांशी त्यांच्या नडग्यांची ओळख झाली. जेवायला बसत ते भिंतीकडे तोंड करून. आत्याला तर ऊत आला होता! खोलीतून निघण्याआधी ती आरोळी ठोके, "आले रे मी!" की डॉक्टर धूम ठोकून न्हाणीघरात.

मधेच एकदा बायको म्हणाली, "अहो, आत्यांच्या पायाचं एक सांगायचं होतं..."

"शूऽऽ!"

"बरं बाई. मरा तिकडे."

शेजारणीनं हे सगळं आपल्या खिडकीतून पाहिलं. म्हातारी लंगडत येते आणि भाचा तोंड फिरवून पळतो! तिनं आत्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे डॉक्टरांच्या काकांना कळवलं. काका त्याच संध्याकाळी हजर.

"ताई, हा तुझ्याशी बोलत नाही म्हणे?"

"बोलतो की. भिंतीकडे तोंड करून."

"का?"

"ते सांगायची मला बंदी आहे."

"बंदी! कोणी घातली?"

"ह्यानंच. औषधपाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सहीसुद्धा दिलीय मी."

"सही!" काकांच्या डोळ्यांपुढून घराची कागदपत्रं सरकत गेली. त्यांनी न्हाणीघराचं दार बडवलं, डॉक्टरांना कानाला धरून बाहेर ओढलं आणि आत्याच्या पलंगापाशी उभं केलं.

"बघ! बघ तिच्या पायाकडे!"

डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटले. "काका, सोडा! दिसलं तर सगळं फुकट जाईल! तीन वर्षं खपलोय यासाठी!"

"तीन वर्षांपासून कट शिजतोय?" काकांनी कान आणखी पिळला. डॉक्टरांच्या मिटल्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. ते पाहून काका एकदम विरघळले. "रडतोय रे! पश्चात्ताप झाला पोराला!" त्यांनी पुतण्याला मिठी मारली. आत्यानं पाय चादरीखाली घेतला आणि तोंडही.

आठवडा संपला. नर्स तपासणीच्या खोलीतून मोजे चढवून बाहेर आली, ती ओठ दाबूनच. डॉक्टरांनी सूज मोजली. आत्याला एका पायावर उभं केलं. झकास उभी राहिली! आकडे लिहून झाले, आणि संशोधन पुरं झालं. मॅडमनी चहा मागवला. डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी नर्सला दोनदा शाबासकी दिली.

"आत्या, आता बोल बिनधास्त! काय बांधलं होतं?"

"बांधलं होतं खरं, पण घरी पोचल्या पोचल्या काढलं मी. खाजत होतं मेलं."

डॉक्टर मटकन खाली बसले. "संपलं! मॅडम, सगळं गेलं!"

"काही गेलं नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पाकिटात जे निघालं, त्याच गटात यांना मोजायचं. लोक घरी जाऊन काढून टाकतात, हेही कळायलाच हवं आपल्याला."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी नडग्या चोळल्या.

"म्हणजे मी आठवडाभर नुसत्या उघड्या पायाकडे बघायचं टाळत होतो? आत्या, सांगायचं नाहीस का?"

"सांगणार होते रे राजा. पण तू ट्रे धरून आपटायला लागलास, आणि मला हसू आवरेना. दुखतंय हेच आठवेना! दुसऱ्याच दिवशी सूज ओसरायला लागली." आत्यानं चहाचा घोट घेतला आणि मॅडमकडे वळली. "बाई, तुमच्या संशोधनात ह्याला कुठल्या गटात धरता हो?"